विषुववृत्तावरची पालखी आणि तिची जुळी वादळं

मे महिन्यातली दुपार, कोथरूडमधली रसवंती. समोर आमच्या इमारतीतले दुसऱ्या मजल्यावरचे काका. "दोन फुल, बिनबर्फाचे, आलं जास्त" असं सांगून त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. उपग्रहानं टिपलेलं चित्र होतं. वर बंगालच्या उपसागरात ढगांचा एक पांढरा भोवरा, आणि खाली, भारताच्या नकाशापासून बरंच दूर, समुद्रात तसाच दुसरा. कागदावर शाईचा थेंब टाकून घडी घातली की दोन्हीकडे सारखा ठसा उमटतो ना, तसं. घडी बरोबर विषुववृत्तावर. खाली मजकूर: "दोन महाचक्रीवादळे आमनेसामने! ४८ तासांत टक्कर! पुणे-मुंबईकरांनो सावध!!!"

"खरं आहे का रे हे?"

चित्र खरं होतं, पण २०२२ च्या मे महिन्यातलं. मजकूर मात्र शंभर टक्के थाप. वरचं वादळ 'असानी', खालचं 'करीम'. असानी वायव्येला सरकत आंध्रच्या किनाऱ्याकडे गेलं आणि ११ मे रोजी मछलीपट्टणमच्या परिसरात पोचेपर्यंत त्याचा जोर ओसरला होता. करीम दक्षिणेकडे भर समुद्रात गेलं आणि तिथंच विरलं. दोघांमध्ये दोन हजार किलोमीटरहून जास्त अंतर होतं आणि ते रोज वाढत होतं. टक्कर होणार कुठून?

तरी काकांची शंका वाटते तितकी भाबडी नाही. दोन वादळं, एकाच आठवड्यात, जवळजवळ एकाच रेखांशावर, एक विषुववृत्ताच्या वर आणि एक खाली. हा निव्वळ योगायोग असता तर एकदा हसून सोडून दिला असता. पण २०१९ च्या एप्रिल-मेमध्ये ओडिशाला झोडपणारं 'फनी' आलं तेव्हा दक्षिण हिंदी महासागरात 'लोर्ना' फिरत होतं. २०१३ च्या मेमध्ये 'वियारू' उत्तरेला, 'जमाला' दक्षिणेला. अशा जोड्यांना हवामानशास्त्रात जुळी चक्रीवादळं म्हणतात. आणि जुळी म्हटली की आई एकच असणार, हे ओघानं आलं. ही आई चित्रात दिसत नाही, आणि सांगण्यासारखी गोष्ट तिचीच आहे.

आधी टेबल फॅनकडे बघू

चित्र नीट पाहिलं तर दोन्ही भोवरे सारखे असले तरी फिरतात उलट. उत्तरेचा घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध, दक्षिणेचा काट्यांच्या दिशेनं.

चक्रीवादळाच्या मध्यभागी हवेचा दाब कमी असतो, म्हणून चारी बाजूंची हवा तिकडे धाव घेते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत नसती तर ही हवा सरळ मध्यात घुसली असती आणि खड्डा भरून गोष्ट संपली असती. पृथ्वी फिरते, त्यामुळे लांबचा पल्ला गाठणारा वारा वाटेत वळतो. उत्तर गोलार्धात उजवीकडे, दक्षिण गोलार्धात डावीकडे. या वळवण्याला कोरिऑलिस परिणाम म्हणतात. नाव एकदा सांगून झालं, यापुढे मी 'वळण' एवढंच म्हणेन.

एखाद्या चौकात चारही रस्त्यांनी रिक्षा मध्याकडे निघाल्यात आणि प्रत्येक रिक्षाचं हँडल जरासं उजवीकडे ओढतंय, अशी कल्पना करा. एकही रिक्षा मध्यावर पोचणार नाही. सगळ्या मध्याला उजवीकडून बगल देतील, आणि मधला खड्डा त्यांना आत ओढतच राहिला तर चौकाभोवती गोल फिरू लागतील, काट्यांच्या विरुद्ध दिशेनं. (पुण्यात हे कोरिऑलिसशिवायही घडतं, ते सोडा.)

पण एकाच पृथ्वीवर दोन उलट वळणं कशी? घरातला टेबल फॅन चालू करून आधी समोरून बघा, मग मागून. पंखा तोच, दिशा उलटी दिसते. उत्तर ध्रुवाच्या बाजूनं पाहिलेली पृथ्वी आणि दक्षिण ध्रुवाच्या बाजूनं पाहिलेली पृथ्वी यांत हाच फरक आहे. म्हणून विषुववृत्ताच्या अल्याड-पल्याड वळणाची दिशा पालटते आणि नेमकं विषुववृत्तावर ते शून्य होतं. ध्रुवावर ते सर्वांत जास्त. आपलं पुणं साधारण साडेअठरा अंश उत्तरेला आहे, इथं ते ध्रुवावरच्या जवळपास एक तृतीयांश भरतं.

तेव्हा विषुववृत्तावर कितीही गरम पाणी आणि कितीही ढग असले तरी तिथं भोवरा धरत नाही. वादळ साधारण पाच अंश, म्हणजे साडेपाचशे किलोमीटर तरी बाजूला सरकून जन्माला येतं. अपवाद क्वचित. डिसेंबर २००१ मध्ये 'वामेई' नावाचं वादळ सिंगापूरजवळ जेमतेम दीड अंशावर तयार झालं आणि हवामानवाल्यांच्या भुवया उंचावल्या.

जाता जाता, बेसिनमधलं पाणी आपल्याकडे एका दिशेनं आणि ऑस्ट्रेलियात उलट दिशेनं फिरत जातं, हेही खरं नाही. बेसिनच्या आकाराच्या गोष्टीत हे वळण इतकं नगण्य असतं की नळ कुठल्या बाजूला आहे यावरच सगळं ठरतं.

रसाचा चरक

आमच्या समोर चरक फिरत होता, घुंगरू वाजत होते. चरकातले दोन रोलर उलट दिशांना फिरतात, आणि म्हणूनच त्यांच्या फटीत दोघांचाही पृष्ठभाग एकाच दिशेनं सरकतो. ऊस एकीकडून आत, चोयटी दुसरीकडून बाहेर. दोन्ही रोलर एकाच दिशेनं फिरले असते तर ऊस जागीच गिरक्या घेत बसला असता.

आता हाच चरक नकाशावर ठेवा. वरचा रोलर म्हणजे उत्तरेचं वादळ, खालचा म्हणजे दक्षिणेचं. उत्तरेच्या वादळाच्या खालच्या कडेला वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. दक्षिणेच्या वादळाच्या वरच्या कडेलाही पश्चिमेकडून पूर्वेकडेच. मधली फट म्हणजे विषुववृत्त. तिथून पश्चिमेचे वारे सुसाट पूर्वेकडे निघतात. जुळ्या वादळांच्या चित्रात आपलं लक्ष दोन भोवऱ्यांकडे जातं. शास्त्रज्ञाची नजर आधी या मधल्या वाऱ्यावर जाते. त्याचं महत्त्व पुढे एल निनोपाशी कळेल.

काका म्हणाले, "म्हणजे एक रोलर दुसऱ्याला फिरवतो?" नाही. उपमा इथं थांबते. असानीनं करीमला फिरवलं नाही की करीमनं असानीला. चरकाचेही रोलर एकमेकांच्या मर्जीनं फिरत नाहीत, त्यांना फिरवणारी मोटर टेबलाखाली असते. आपल्याला ती मोटर शोधायची आहे.

टेबलाखालची मोटर

१९७१ मध्ये अमेरिकेतल्या रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन या दोन शास्त्रज्ञांनी पॅसिफिक महासागरातल्या कँटन नावाच्या एका चिमुकल्या बेटावरच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी संगणकात घातल्या. वारा, दाब, रोजच्या रोज. त्यातून एक ठेका निघाला: वाऱ्याची दिशा आणि दाब दर चाळीस-पन्नास दिवसांनी हेलकावे खात होते. ऋतूंशी या ठेक्याचा संबंध नव्हता, रोजच्या हवेशीही नव्हता. पुढच्या वर्षी त्यांनी इतर ठिकाणच्या नोंदी तपासल्या आणि दिसलं, की हा हेलकावा एका बेटापुरता नाही. तो विषुववृत्ताच्या कडेकडेनं पश्चिमेकडून पूर्वेकडे चालतोय. दोघांच्या आडनावांवरून त्याला मॅडन-ज्युलियन दोलन म्हणतात. हवामान खात्याच्या पत्रकात आणि बातम्यांत 'एमजेओ'.

मी काकांना म्हटलं, ही पालखी समजा.

आषाढीच्या आधी पालख्या वाकडेवाडीहून शहरात येतात, फर्ग्युसन रस्त्यानं, लक्ष्मी रस्त्यानं पेठांत मुक्कामाला जातात, मग हडपसरमार्गे बाहेर. पालखी जिथं असेल तिथं दुतर्फा माणसांचा समुद्र. ती पुढे सरकली की गर्दी पुढच्या चौकात दिसते. उंचावरून पाहणाऱ्याला वाटेल की तीच गर्दी चालत निघालीय. वारकरी चालत असतात हे खरं, पण दुतर्फाची गर्दी त्या त्या पेठेतली. पालखी आली की घराबाहेर येते, गेली की घरी जाते.

एमजेओचे ढग या दुतर्फाच्या गर्दीसारखे आहेत. हिंदी महासागरावरचा ढग काही चालत पॅसिफिकला जात नाही. ढग जागच्या जागी उगवतात, बरसतात, विरतात. पूर्वेला सरकत जाते ती ढग उगवायला अनुकूल अशी परिस्थिती: खाली हवा एकत्र येणं, वर चढणं, उंचावर पसरणं. ही पालखी हजारो किलोमीटर रुंदीची असते. तिच्या पुढे आणि मागे आभाळ निरभ्र राहतं, कारण इथं वर चढलेली हवा कुठंतरी खाली बसणारच. हिंदी महासागरावर आणि पश्चिम पॅसिफिकवर तिचा वेग ताशी अठरा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हा ऑफिसला जाणारा माणूस ज्या बेतानं पॅडल मारायचा, तेवढा. पुढे पूर्व पॅसिफिकच्या थंड पाण्यावर गर्दी पांगते, नुसता वारा उरतो आणि तो झपझप पुढे निघून जातो. तीस ते साठ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण.

वाटेत एक दिवेघाटही आहे: इंडोनेशिया. हजारो बेटं, त्यांवरचे डोंगर, दिवसा तापणारी जमीन आणि रोज संध्याकाळी तिच्यावर कोसळणारा स्वतःचा वेगळा पाऊस. फरक इतकाच, की दिवेघाट पालखी दरवर्षी चढून जाते. एमजेओ मात्र कित्येकदा इंडोनेशियात अडकतो, कधी तिथंच मोडतो.

एकाच उष्णतेतून दोन भोवरे कसे निघतात?

हा भाग थोडा चढाचा आहे, एक घोट घेऊन पुढे चला.

पालखी जिथं असते तिथं प्रचंड प्रमाणात वाफेचं पाणी होत असतं. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते. इडलीपात्राचं झाकण उघडताना हाताला जी वाफ पोळते, तिच्यात हीच लपलेली उष्णता असते. म्हणजे विषुववृत्तावर आभाळात एक अवाढव्य शेगडी पेटलेली आहे. तापलेली हवा वर जाते, खाली दाब कमी होतो, आसपासची हवा तिकडे धावते.

इथं विषुववृत्ताची गंमत सुरू होते. पूर्वेकडे निघालेल्या वाऱ्याचा विचार करा. तो चुकून उत्तरेला भरकटला तर तिथलं वळण त्याला उजवीकडे, म्हणजे परत विषुववृत्तावर आणतं. दक्षिणेला भरकटला तर तिथलं वळण डावीकडे, म्हणजे पुन्हा विषुववृत्तावरच. दोन्ही बाजूंना जणू बांध घातलेत. खडकवासल्याहून निघालेला कालवा जसा काठांमध्ये राहतो, तसं विषुववृत्त हा वाऱ्याच्या लाटांचा कालवा आहे. या कालव्यात शेगडीमुळे उठलेल्या लाटांचे दोन प्रकार महत्त्वाचे. एक शेगडीच्या पुढे, पूर्वेकडे, सरळ कालव्यातून पळतो. दुसरा शेगडीच्या मागे, पश्चिमेकडे, सावकाश जातो आणि तो काठांवर खळगे पाडत जातो: विषुववृत्ताच्या वर एक कमी दाबाचा भोवरा, खाली त्याचंच प्रतिबिंब. पहिल्या लाटेचं नाव केल्विन, दुसरीचं रॉस्बी. आपल्या कामाची रॉस्बी. जोडी तिच्या अंगातच आहे.

तारो मात्सुनो या जपानी शास्त्रज्ञानं १९६६ मध्ये हे सारं समीकरणांतून काढलं. अशा लाटा असल्या पाहिजेत, त्यांचा वेग अमुक, आकार तमुक. ढगांच्या उपग्रह-नोंदींत त्यांचा छडा लागला तो १९९९ मध्ये, तेहतीस वर्षांनी. समीकरणातल्या आणि खऱ्या ढगांतल्या लाटांचे आकार जुळले. दरम्यान १९८० मध्ये एड्रियन गिल यांनी शेगडीचं गणित मांडलं: विषुववृत्तावर उष्णता दिली की तिच्या पश्चिमेला, वर आणि खाली, भोवऱ्यांची जोडी पडते. काकांच्या मोबाइलवरची शाईची घडी ती हीच.

इथं एक खबरदारी. रॉस्बी लाट देते ते भोवऱ्याचं बी. त्याचं वादळ होईल की नाही, ते पुढच्या बाबींवर ठरतं. समुद्र साडेसव्वीस अंशांहून कोमट हवा. हवेत मधल्या उंचीपर्यंत ओल हवी. आणि खालचा वारा व उंचावरचा वारा यांच्या दिशेत आणि वेगात फार फरक नको. दहीहंडीच्या मनोऱ्यात खालच्या थराला कुणी पूर्वेला ओढलं आणि वरच्याला पश्चिमेला, तर हंडी फुटण्याआधी मनोरा कोसळेल. ऐन पावसाळ्यात आपल्या समुद्रांवर हेच असतं: खाली नैऋत्येचा मोसमी वारा, वर पूर्वेकडून येणारा जोरदार वारा. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रं भरपूर होतात, पण मोठं चक्रीवादळ क्वचित.

दोन्ही बाजूंना एकाच वेळी अनुकूल काळ म्हणजे ऋतू बदलतानाचा. दक्षिणेचा वादळी हंगाम मुख्यतः नोव्हेंबर ते एप्रिल, कधी मेपर्यंत लांबणारा; आपला एप्रिल ते जून आणि मग ऑक्टोबर ते डिसेंबर. हे जिथं एकमेकांवर येतात तिथं जुळी होतात, म्हणून आपल्याकडे मुख्यतः एप्रिल-मे, कधी नोव्हेंबर-डिसेंबर. बहुतेक वेळा एकच बी रुजतं, दुसरं नुसताच ढगांचा पुंजका राहून विरतं. अशा वेळी मोबाइलवर एकच वादळ येतं आणि जुळं होता होता राहिलं, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

बरं, पण टक्कर होऊच शकत नाही का?

एकाच गोलार्धातली दोन वादळं जवळ आली, साधारण हजार-चौदाशे किलोमीटरच्या आत, तर ती एकमेकांभोवती फिरू लागतात आणि कधी मोठं लहानाला गिळतं. साकुहेई फुजिवारा या जपानी शास्त्रज्ञानं १९२१ मध्ये पाण्यातल्या भोवऱ्यांवरून हे दाखवलं, म्हणून त्याला फुजिवारा परिणाम म्हणतात. नाव लक्षात राहायला सोपं आहे, कारण ती फुगडीच असते: दोघी एकमेकींचे हात धरून मधल्या बिंदूभोवती गरगर.

विषुववृत्तापलीकडच्या जुळ्यांना ही फुगडी घालता येत नाही. त्यांचे फेर उलटे, अंतर लांबचं, आणि दोघांचाही कल विषुववृत्तापासून दूर, आपापल्या ध्रुवाकडे सरकण्याचा. शिवाय मध्ये विषुववृत्त. एखादं चक्रीवादळ विषुववृत्त ओलांडून गेल्याची नोंद नाही. पलीकडे जायचं तर वळण शून्य असलेला पट्टा पार करून उलट दिशेला फिरायला लागावं लागेल, आणि चाकाला मध्येच रिव्हर्स टाकून वेग टिकवता येत नाही. तेव्हा दक्षिणेचं वादळ पुण्यावर येईल, ही भीती कायमची मनातून काढून टाका.

मग पुण्याला याचं काय?

थेट काही नाही. बंगालच्या उपसागरातलं वादळ पुण्यापासून हजार किलोमीटरवर असतं. आपल्याला पिडतं ते अरबी समुद्रातलं. ३ जून २०२० ला 'निसर्ग' अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागलं त्या दुपारी आमच्या गल्लीतला गुलमोहर एका उभ्या रिक्षावर आडवा झाला. दोन दिवस वीज नव्हती. त्याला विषुववृत्तापलीकडे कुणी जुळं भावंड नव्हतं. जुळेपणाचा आणि नुकसानीचा काही संबंध नाही, हे त्या रिक्षावाल्याला विचारा.

आडून मात्र संबंध आहे, आणि तो पावसाच्या वेळापत्रकाशी आहे. मे महिन्यात हिंदी महासागरात जोडी दिसली की बहुधा पालखी आपल्या समुद्रात आहे किंवा नुकतीच पुढे गेलीय. त्या काळात विषुववृत्तावरचे पश्चिमी वारे जोर धरतात, अंदमानाकडे मोसमी पाऊस सरकायला वाट मिळते. २०२२ मध्ये असानी-करीमनंतर १६ मेला मोसमी पाऊस अंदमानात आणि २९ मेला केरळात, म्हणजे नेहमीच्या १ जूनच्या आधी पोचला. एका वर्षाच्या दाखल्यावरून नियम काढायचा नसतो, आणि वादळ उलटही वागतं. जून २०२३ मध्ये अरबी समुद्रात 'बिपरजॉय' दहा-बारा दिवस ठाण मांडून बसलं, ओल स्वतःकडे ओढत राहिलं. केरळात पाऊस ८ जूनला आला आणि मुंबईत २५ जूनला. त्या जूनमध्ये धरणांचे आकडे रोज सकाळी चहाबरोबर वाचले जात होते, आठवत असेल.

पेरणीच्या घाईतल्या शेतकऱ्याला 'यंदा सरासरीच्या किती टक्के' यापेक्षा 'येत्या दोन-तीन आठवड्यांत उघडीप आहे की झड' हे जास्त हवं असतं. दोन-तीन आठवड्यांचा अंदाज हा हवामानातला सर्वांत अवघड पल्ला: रोजच्या अंदाजाला फार लांब, ऋतूच्या अंदाजाला फार जवळ. त्या पल्ल्यात हाताशी जो थोडा आधार आहे तो या सावकाश चालणाऱ्या पालखीचा. ती आज कुठं आहे हे ठाऊक असेल तर दोन आठवड्यांनी कुठं असेल याचा अदमास बांधता येतो. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत यावर वर्षानुवर्षं काम चाललंय, आणि हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज देतं, त्यात एमजेओची जागा आणि समुद्रात वादळ होण्याची शक्यता दोन्ही असतात. 'वेधशाळेनं पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवायची' हा विनोद आपण शिवाजीनगरच्या शिमला ऑफिस चौकातून जाताना तीन पिढ्या करतोय. १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय शिमल्याहून तिथं आलं, तेव्हापासून. गुरुवारचं पत्रक वाचायची सवय लावली तर विनोद थोडा शिळा वाटायला लागतो.

एल निनो मध्येच कुठून आला?

चरकाच्या फटीतला वारा आठवा. हिंदी महासागराऐवजी जोडी पश्चिम पॅसिफिकवर तयार झाली तर तो वारा मोठा उद्योग करतो.

पॅसिफिकवर एरवी पूर्वेकडून पश्चिमेकडे वारे वाहतात. परातीत पाणी घेऊन एका बाजूनं सतत फुंकर मारली तर पाणी पलीकडच्या काठाशी साठतं. तसं गरम पाणी इंडोनेशियाच्या बाजूला साठून राहतं. जुळी वादळं फुंकर उलटी करतात, आठवडाभर का होईना. साठलेल्या गरम पाण्याची एक लाट पृष्ठभागाखालून पूर्वेकडे निघते आणि साधारण दोन महिन्यांत दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याशी पोचते. असे धक्के वारंवार बसले की पूर्व पॅसिफिक तापतो. तो एल निनो.

मार्च २०१५ मध्ये एमजेओ नोंदींमधला सर्वांत जोरदार ठरावा इतका बळावला होता. दक्षिणेला 'पॅम' या महाभयंकर वादळानं वानुआतू हा द्वीपदेश उद्ध्वस्त केला, त्याच सुमारास उत्तरेला 'बावी' फिरत होतं, आणि मधल्या पश्चिमी वाऱ्यांनी पाण्याला जबर धक्का दिला. पुढे २०१५-१६ चा तीव्र एल निनो झाला. देशाचा मोसमी पाऊस त्या वर्षी १४ टक्के कमी पडला, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं.

"म्हणजे वानुआतूच्या वादळामुळे लातूर तहानलं?" असं कुणी म्हणेल, आणि तसा मथळाही कुणीतरी छापेल. इतकं सरळ नाही. २०१४ च्या सुरुवातीलाही पॅसिफिकमध्ये असेच जोरदार पश्चिमी वारे सुटले होते. मोठा एल निनो येणार म्हणून जगभर चर्चा झाली, आणि पावसाळ्यापर्यंत तो फुसका निघाला. तरी त्या वर्षी आपला पाऊस १२ टक्के कमीच होता! उलट १९९७ मध्ये शतकातल्या सर्वांत तीव्र एल निनोंपैकी एक असताना देशात पाऊस सरासरीहून किंचित जास्त पडला. जुळी वादळं हा धक्का आहे. गाडी सुरू होईल की नाही ते बॅटरीवर, म्हणजे समुद्रात आधीपासून किती गरम पाणी साठलंय यावर ठरतं. आणि लातूरची तहान फक्त आभाळाकडून आलेली नव्हती. जमिनीत किती ऊस उभा होता, हा हिशोब रसवंतीत बसून काढायला मला जरा अवघड वाटतं.

हे सगळं तापमानवाढीमुळे का?

जोडीचं यंत्र जुनंच आहे, मात्सुनोची समीकरणं कार्बनचा हिशोब धरत नाहीत. बदलतंय ते इंधन आणि पालखीचा मुक्काम. पाषाणच्या संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं की हिंदी-पॅसिफिक महासागरांतला सर्वांत उबदार पाण्याचा पट्टा १९०० ते १९८० या काळाच्या तुलनेत जवळपास दुप्पट पसरलाय, आणि त्यामुळे एमजेओचा हिंदी महासागरावरचा मुक्काम तीन-चार दिवसांनी घटला, तर इंडोनेशिया आणि पश्चिम पॅसिफिककडचा पाच-सहा दिवसांनी वाढला. दर फेरीत तीन-चार दिवस कमी म्हणजे किरकोळ वाटेल. पण रोपं दोन पानांवर असताना झड चार दिवस आधी संपणं काय असतं, ते मावळातल्या भातवाल्याला किंवा बारामतीकडच्या बाजरीवाल्याला ठाऊक आहे.

पुढच्या वेळी चित्र आलं की

आधी तारीख बघा. मग चित्रातल्या भोवऱ्यांच्या मधोमध बघा, तिथं ढगांचे तुकडे पूर्वेकडे ताणलेले दिसतात का. मोबाइलवर वाऱ्याचे नकाशे दाखवणारं ॲप असेल तर विषुववृत्तावर बोट ठेवा: बाण पश्चिमेकडून पूर्वेकडे धावत असतील तर चरक चालू आहे. जोडी हिंदी महासागरात की पॅसिफिकमध्ये, हे त्यानंतर. मार्चमधली पॅसिफिकची जोडी मला मेमधल्या आपल्या जोडीपेक्षा जास्त बेचैन करते.

काकांनी तो मेसेज त्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला नाही. हल्ली मात्र गुरुवारी संध्याकाळी हवामान खात्याच्या पत्रकाचा फोटो पाठवतात, खाली एकच ओळ: "पालखी कुठं पोचली?" गेल्या गुरुवारी मी कळवलं, दिवेघाटात अडकलीय. त्यावर त्यांचं उत्तर आलं, "मग वाळवणं अजून चार दिवस गच्चीवर राहू देतो."